करुणाची टोगोची तयारी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात रबरबँड साठतात ना, तसे ते साठतात. एक भाजीच्या जुडीचा, एक मिठाईच्या खोक्याचा, आणि एके दिवशी ड्रॉवर उघडावा तर आत नुसता गुंता!

आमच्या तिसऱ्या मजल्यावर तर त्यांना साठायला वेळच लागत नाही. दोन दारं समोरासमोर, मधे चिंचोळा पॅसेज. समोर गायकवाड राहतात. त्यांच्याकडे कोण आलंय ते मला दाराबाहेरच्या चपलांवरून कळतं. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे. चपला काही मी आणून ठेवत नाही!

गायकवाड भाऊ स्वारगेटला एसटीत कंट्रोलर होते, आता रिटायर झालेत. त्यांच्या मिसेस मार्थाताई गरीब स्वभावाच्या, बोलणं कमी आणि हसणं जास्त. एकुलती एक मुलगी करुणा, हडपसरच्या एका हॉस्पिटलात नर्स. घर ख्रिस्ती, मूळचं नगरकडचं. वीस वर्षांत आमच्या दोन घरांत वाट्या इतक्या गेल्या-आल्या, की कुठली कुणाची हे आता दोघींनाही सांगता येत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात करुणाची मिशनरी म्हणून जायची तयारी चालू होती. त्या तेवढ्या दिवसांतले हे किस्से. बाकीचे ड्रॉवरमध्येच राहू देत.

*

मार्चमध्ये एका संध्याकाळी गायकवाडांच्या दाराबाहेर काळे, चकचकीत पॉलिश केलेले बूट दिसले. असे बूट म्हणजे पाळकसाहेब. पाळकसाहेब म्हणजे त्यांच्या चर्चचे मुख्य. आता ते आपणहून घरी आले म्हणजे एक तर कुणी आजारी, नाही तर लग्न ठरतंय. मी लगेच एक वाटी धुतली, कैरीची चटणी भरली आणि बेल वाजवली.

आत कुणी आजारी नव्हतं. करुणा सोफ्याच्या कडेला ताठ बसली होती.

"काकू, मी टोगोला चालले. आफ्रिकेत. तिथल्या एका खेड्यात चर्चचा दवाखाना आहे. तीन वर्षं."

मी म्हटलं, "अगं बाई! आणि लग्न?"

"ते पुण्यात झालं नाही, तिथे कशाला होईल?" कोपऱ्यातून गायकवाड भाऊ म्हणाले.

भाऊंचा आवाज म्हणजे चाळीस वर्षांची सवय. हळू बोलले तरी तीन फलाटांवर ऐकू जावं! ते पाळकसाहेबांना म्हणाले, "तिकडे नर्स पाहिजे, मान्य. हडपसरला काय लोकांनी आजारी पडायचं बंद केलंय?"

पाळकसाहेब शांत माणूस. त्यांनी चहा संपवला आणि करुणाला म्हणाले, "बेटा, आपली चर्चची मंडळी तुला आनंदाने पाठवेल. पण वडिलांचं मन मोडून नाही. यांचा होकार येऊ दे, मग बघू."

असं ते होकारावर येऊन अडलं. करुणा म्हणाली, "तोवर मी तयारी करते."

भाऊ म्हणाले, "कर. तयारीला मी कुठे नाही म्हणतोय? जायला नाही म्हणतोय!"

*

टोगोत म्हणे बारा महिने उकाडा, आणि त्या खेड्यात लाइट असली तर असली. म्हणून करुणाने एप्रिलमध्ये दुपारी पंखा बंद करून बसायला सुरुवात केली. आमचा वरचा मजला, डोक्यावर तापलेली गच्ची. माझ्या घरात खोबरेल तेलाचं बाटलीतच पाणी झालेलं!

ती पंखा बंद करायची, भाऊ येऊन चालू करायचे. ती पुन्हा बंद. ते पुन्हा चालू. बटणाची टकटक मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. मार्थाताई म्हणाल्या, "पंखा राहील, पण बटण तुटेल हो!"

मग एक दिवस टकटक थांबली. मला चैन पडेना. वाटी घेऊन गेले. बघते तर पंखा बंद, करुणा चटईवर वाचत बसलेली, आणि समोर खुर्चीवर भाऊ! बनियन घामाने चिकटलेलं, चष्मा नाकावरून घसरतोय, हातात पेपर.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्हीपण सराव सुरू केला की काय?"

"छे! माझा काय संबंध?" भाऊंनी पेपर झटकला. "मला वाऱ्याचा त्रास होतो."

एप्रिलमध्ये!

*

घरात बसून उकाड्याची सवय होईल, पण उन्हाचं काय? त्यासाठी आमच्या बिल्डिंगमध्ये तज्ज्ञ होती. खालच्या मजल्यावरच्या वानखेडे वहिनी चंद्रपूरच्या. मुलगा इथे आयटीत आहे म्हणून आलेल्या. पुण्यात पेपरवाल्यांनी 'कडक उन्हाळा' असं छापलं की त्या हसतात.

"बाप्पा! हे ऊन हाय का? आमच्याकडं याले थंडी म्हंतेत," असं म्हणत त्यांनी करुणाला ताब्यात घेतलं. डोक्याला ओला दुपट्टा, पर्समध्ये कांदा, बाटलीत मीठ-साखरेचं पाणी. चेहऱ्याला स्कार्फ कसा बांधायचा हे मात्र शिकवायला लागलं नाही. पुण्याची मुलगी, स्कूटर चालवणारी. तिने एका झटक्यात असा बांधला की नुसते डोळे दिसत होते. वहिनी बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तुमच्या पोरी तर तयारच हायेत. फक्त बँकेत नको जाऊ अशी!"

दुपारी बारा वाजता आम्ही तिघी मांजरी गावाच्या बाजूला निघालो. मी कशाला? अहो, माझं माहेर लोणी काळभोरचं. त्या भागातला रस्ता मला माहीत. शिवाय दोघींना सोडून घरात कसं बसवेल?

उसाच्या कडेकडेने आम्ही एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला बांधावरच्या झाडाखाली बसलेले एक म्हातारबाबा उठले.

"काय हरवलंय का बाई? मगाधरनं बघतोय."

करुणाने स्कार्फ खाली घेतला. "नाही बाबा. मला परदेशी जायचंय, फार उन्हाच्या देशात. म्हणून उन्हात चालायची सवय करतेय."

बाबांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "आगं मग नुसती चालतीस कशाला? हितं खुरपायला ये की! सवय बी हुईल आन् माझं रान बी निघंल."

आणि ही पोरगी गेली हो! आठवडाभर सकाळपाळी असली की सुट्टी झाल्यावर थेट रानात. खुरपं कसं धरायचं ते मी दाखवलं. पहिल्या दिवशी तिने तणाबरोबर बाबांचा थोडा मकाही काढला. शेवटच्या दिवशी बाबांच्या सुनेच्या पायात काटा मोडून पू झाला होता, तो हिने बांधावर बसून साफ करून पट्टी बांधली. बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोर चांगली हाय. पण खुरपायचं काय जमायचं न्हाई. दवाखान्यातच जाऊं द्या."

हे मी भाऊंना जसंच्या तसं सांगितलं. मुलीचं कौतुक ऐकून बापाचं मन विरघळेल, असं वाटलं होतं. भाऊ म्हणाले, "बघा! शेतकऱ्यालासुद्धा नकोय ती. टोगोवाले काय करणार?"

पण म्हणताना मिशीत हसत होते.

*

जेवणाचा प्रश्न निराळाच. तिथे पोळी नाही, ज्वारी नाही. एक मोठा कंद उकडून, कुटून त्याचा गोळा करतात आणि तोच रोज खातात. करुणाने मोबाइलवर फोटो दाखवला. जोशीकाकूंनी चष्मा लावून पाहिला. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या, रिटायर्ड मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, "हा तर साबुदाण्याचा कंद."

मी म्हटलं, "म्हणजे टोगोत रोज एकादशी!"

मग काय, आमच्या हातात खेळच आला. उपासाच्या पदार्थात आमच्या बिल्डिंगचा हात कुणी धरणार नाही. ठरलं, आठवडाभर करुणाने फक्त उपासाचं खायचं. सोमवारी माझी खिचडी, मंगळवारी वानखेडे वहिनींची उकडलेली रताळी, मग जोशीकाकूंचे वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. आपापली भांडी घेऊन सगळ्या तिसऱ्या मजल्यावर. मार्थाताईंना वाटलं, मुलीने एकटीने का खायचं? त्यांनी घरात सगळ्यांनाच तेच वाढायला सुरुवात केली.

शुक्रवारी माझ्या दारावर थाप पडली. बेल नव्हे, थाप! दारात गायकवाड भाऊ.

"वहिनी, मी ख्रिस्ती माणूस आहे."

"माहितीय की भाऊ."

"मग मला कुठल्या पापाचं हे प्रायश्चित्त चाललंय? पाच दिवस झाले, घरात पोळी नाही, रस्सा नाही. टोगोला कोण चाललंय, ती का मी?"

मी गुपचूप त्यांना आमच्या डायनिंग टेबलावर बसवून दोन पोळ्या आणि अंडाकरी वाढली. घास घेता घेता त्यांनी विचारलं, "ती खातेय ना नीट? वजन उतरलंय तिचं."

आणि करुणा? तिला रविवारी विचारलं, काय वाटलं? तर म्हणते, "काकू, छान वाटलं. अजून एक आठवडा करू या?"

जोशीकाकू म्हणाल्या, "बघा, जन्मभर उपास आम्ही केले आणि पुण्य ही घेऊन चालली!"

*

याच जोशीकाकूंनी एकदा तिला तोंडावर विचारलं होतं. जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, "काय गं, तिकडे जाऊन लोकांना बाटवणार का तू?"

मी म्हटलं झालं, आता वाजणार! पण करुणा हसली. म्हणाली, "काकू, त्या गावातलं चर्च माझ्या पणजोबांच्या आधीपासूनचं आहे. तेच मला बाटवतील! मी बाळंतपणं करणार, ताप बघणार, आणि रविवारी मुलांना गाणी शिकवणार."

"गाणी? तू?" जोशीकाकूंनी मला साक्षीला धरलं. "हिचं गाणं मी बाथरूमच्या खिडकीतून ऐकलंय. त्या मुलांसाठी आधी प्रार्थना करा म्हणावं."

पण दुसऱ्या दिवसापासून रोज चार वाजता करुणाला त्यांनी आपल्या घरी बोलावलं. तिथे फ्रेंच चालते ना, ती करुणा मोबाइलवर शिकत होती. मोबाइल एक वाक्य बोलायचा, करुणा ते म्हणायची, आणि जोशीकाकू आरामखुर्चीतून डोळे मिटून "पुन्हा!" म्हणायच्या. वीस-वीसदा! मी दारातून ऐकत होते. शेवटी न राहवून विचारलं, "काकू, तुम्हाला फ्रेंच कधी यायला लागली?"

"मला फ्रेंच येत नाही," जोशीकाकू म्हणाल्या. "चूक ओळखता येते."

*

मे महिना संपत आला. फ्रेंचची परीक्षा झाली, मेडिकल झालं, लसी टोचून झाल्या. पिवळ्या तापाच्या लसीने दोन दिवस कणकण होती, तेव्हा भाऊ उशाशी बसून होते. होकार मात्र नाही.

एकदा पार्किंगमध्ये भाऊ एकटेच स्कूटरवर बसलेले दिसले. स्कूटर स्टँडवर. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "भाऊ, का अडवताय पोरीला? एवढी धडपड करतेय."

मला वाटलं फटकारतील. पण ते हळू बोलले. त्यांना एवढं हळू बोलता येतं हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं.

"वहिनी, आयुष्यभर लोकांना गाड्यांत बसवून दिलं. लेकरांना, म्हाताऱ्यांना, नव्या नवरींना. कुणी खिडकीला धरून रडायचं, तर मी शिट्टी मारून म्हणायचो, चला, बाजूला व्हा, गाडीला उशीर होतोय. आता ते खिडकी धरणारे सगळे आठवतात."

मी पिशवीतून एक काकडी काढून त्यांना दिली. त्यांनी ती घेतली.

*

करुणाने होकाराची वाट न बघता बॅग भरायला काढली. "झालाच होकार, तर धावपळ नको." मग बिल्डिंगभरातून वस्तू येऊ लागल्या. जोशीकाकूंचं लिंबाचं लोणचं, वानखेडे वहिनींच्या सांडग्यांचा डबा, कुणाची इडलीपात्रं. मी गोधडी शिवून दिली. उकाड्याच्या देशात गोधडी कशाला, असं सगळ्या हसल्या. हसू देत. पाठीखाली घ्यायला माहेरच्या साड्यांची गोधडी असली की झोप लागते, मग देश कुठलाही असो.

बॅग काही केल्या बंद होईना. मी वर बसले, वानखेडे वहिनी बसल्या, करुणा चेन ओढतेय. तेवढ्यात भाऊ बाहेरून आले. क्षणभर आमच्याकडे बघत राहिले. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"उठा. दोघीही उठा. अहो, हे काय आहे? जड सामान वर? बाटल्या कडेला? स्वारगेटला असं सामान घेऊन कुणी आलं असतं तर टपावर चढू दिलं नसतं मी!"

सगळी बॅग त्यांनी फरशीवर उपडी केली. गोधडीची घट्ट वळकटी केली आणि तिच्या पोटात लोणच्याची बरणी बसवली. इडलीपात्रांच्या खळग्यात औषधांच्या पट्ट्या. मोज्यांत चमचे. तासाभरात बॅग बंद झाली, वर दोन बोटं जागा उरली!

मी हळूच म्हटलं, "मग भाऊ, जाऊ देताय ना?"

"कोण म्हणालं?" भाऊंनी हात झटकले. "जाणार नाहीच ती. पण अशी बॅग भरून तर मुळीच नाही!"

*

आणि मग जूनमधला तो रविवार. बाहेर निघणाऱ्या मिशनऱ्यांसाठी चर्चमध्ये त्या दिवशी खास उपासना होती. करुणाबरोबर आणखी एक मुलगा होता, तो ओडिशाकडे निघालेला. पाळकसाहेबांनी करुणाला सांगितलं होतं, "ये तू. शेवटच्या क्षणापर्यंत वाट बघू."

आम्ही बिल्डिंगमधल्या सात-आठ बायका काठपदराच्या साड्या नेसून गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदाच चर्चच्या आत पाऊल टाकलं. भाऊपण आले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. मी विचारलं तर म्हणाले, "रविवारी मी चर्चला येतोच. त्यात काय विशेष?" आणि बाकाच्या अगदी टोकाला, हाताची घडी घालून बसले.

गाणी झाली, वाचन झालं. मग पाळकसाहेबांनी त्या मुलाला पुढे बोलावलं. म्हणाले, "या आपल्या भावाला कोण पाठवतं?" मुलाचे आईवडील उभे राहिले, "आम्ही पाठवतो" म्हणाले. पाळकसाहेबांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यांच्यात अशी रीत आहे, हे मला तेव्हा कळलं.

मग करुणा पुढे गेली. पांढरी साडी, निळी किनार. पाठीमागून खांदे एवढेएवढेसे दिसत होते.

"या आपल्या बहिणीला कोण पाठवतं?"

कुणी उठेना. मार्थाताईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ जमिनीकडे बघत होते.

पाळकसाहेबांनी थोडं थांबून पुन्हा विचारलं, "या आपल्या बहिणीला कोण पाठवतं?"

आता आमच्याकडे लग्नात गुरुजींनी "मुलीचा मामा कुठेय?" असं विचारलं आणि मामा दिसला नाही, तर आम्ही काय गप्प बसतो? कुणीतरी ओ द्यावीच लागते, नाही तर पुढचं सगळं अडतं. ती पोर तिथे मान खाली घालून उभी. मला काही ते बघवेना. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आम्ही!"

सगळं चर्च वळून बघायला लागलं. तेवढ्यात शेजारी वानखेडे वहिनी उठल्या. "हो जी, आमीच पाठवतो!" मग आमच्या बाकीच्या बायका उठल्या. सगळ्यांत शेवटी जोशीकाकू, काठी टेकत. "माझंही नाव धरा."

पाळकसाहेब गोंधळले. म्हणाले, "आभारी आहे. पण आपण हिच्या कोण?"

मी म्हटलं, "ते नंतर सांगते. तुम्ही आधी डोक्यावर हात ठेवा!"

आणि बाकाच्या टोकाला खाडकन आवाज झाला. गायकवाड भाऊ उभे होते. चेहरा लाल, डोळे भरलेले, आणि आवाज तो तीन फलाटांवरचा!

"बसा खाली सगळ्या! बाप जिवंत आहे अजून तिचा! तुम्ही कोण पाठवणाऱ्या? पाळकसाहेब, मी पाठवतो!"